डुकरं हाकलायचं गाणं

माझं पहिलं रेकॉर्ड केलेलं गाणं घराबाहेर सगळ्यात आधी रानडुकरांनी ऐकलं आणि ऐकून ती पळून गेली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी पुढचं सांगत असताना मधेच कोणी हसलं की माझं डोकं सणकतं.

मी हेवी मेटल गाते. बँडमध्ये पुढे उभी राहून मी जे करते त्याला चंद्रपूरचे माझे तीन पोट्टे गाणं म्हणतात आणि माझी माय 'अंगावर येणं' म्हणते. दोन गिटारवाले, एक ड्रमवाला, आणि पुढे माईकपाशी बुटकीशी मी, जिच्या गळ्यातून अस्वलाला खोकला झाल्यासारखा आवाज निघतो. बँडचं नाव इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ घरी सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

हा आवाज कुठून शिकलीस, असं सगळे विचारतात. पोट्ट्यांना वाटायचं, मी व्हिडिओ बघून शिकले असेन, कारण ते तसेच शिकले होते. आता त्यांना काय सांगू? आमचं गाव वडशाजवळ, सगळं धानाचं, आणि आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, थेट जंगलाला लागून. दाणा भरायला लागला की संध्याकाळ व्हायच्या आत डुकरं हजर. एक कळप शिरला की धान खातो थोडा आणि लोळवतो सगळा. घरात लेकरू मी एकटीच, म्हणून शाळा सुटली की बाबा मला मचाणावर घेऊन जायचा. तो तेलाचा रिकामा पिपा बडवायचा आणि मी ओरडायची. पहिल्याच दिवशी माझा गळा असा बसला की दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरीला 'हजर' म्हणता येईना. बाईंना वाटलं, पोरगी माजली.

त्या संध्याकाळी बाबाने मला शिकवलं. "गयातून नको काढू. गया सकाळी शाळेत लागते. पोटातून काढ, इथून," असं म्हणून त्याने माझ्या पोटावर बोट ठेवलं. "अन् रागावून नको वरडू. राग आला का आवाज बारीक होते. बारीक आवाजाले डुक्कर भेत नाई." झालं, एवढंच माझं गाण्याचं शिक्षण. पुढे शहरातल्या पोरांनी हेच मला मोठमोठे शब्द वापरून सांगितलं तेव्हा मी नव्यानेच ऐकल्यासारखी मान डोलावली.

चंद्रपूरला डिप्लोमाला गेले तेव्हा गाण्याचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. एका दुपारी होस्टेलच्या पायरीवर मायने पाठवलेला वड्यांचा डबा उघडला आणि एका माकडाने तो हातातून उचलला. मायचे वडे. मी विचार केला नाही, पोटातून काढला आवाज. माकड पळालंसुद्धा नाही. त्याने डबा खाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसलं. समोरच्या कट्ट्यावर तीन पोरं बसली होती, ती मात्र उठून उभी राहिली. त्यातला एक जवळ आला आणि म्हणाला, "ताई, पुन्हा एकदा करून दाखवता का?" मी म्हटलं, तक्रार करीन.

त्यांचा गाणारा पोरगा तीन कार्यक्रमांत गळा फाडून बसला होता आणि डॉक्टरने त्याला बोलायचीही बंदी केली होती. तो बिचारा आता बँडचे फोटो काढायचा. हे तिघं आठवडाभर माझ्या मागे लागले. शेवटी मी एका बंद पिठाच्या गिरणीत, जिथे ते सराव करायचे, तिथे गेले आणि अडकले.

सुरुवातीला त्यांची गाणी इंग्रजीत होती. सगळी रक्त, कबरी आणि कावळ्यांची. मला त्या कावळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच आठवड्यात होस्टेलच्या रेक्टर मॅडमनी मुलींचं गेट दिवेलागणीलाच लावायचा हुकूम काढला होता; मुलांचं गेट मात्र उघडंच. मी गिरणीत बसून गाणं लिहिलं, आमच्या घरच्या बोलीत, आणि त्याचं धृपद होतं 'निंग इथून', म्हणजे 'निघ इथून'. बस, तेवढंच. पुन्हा पुन्हा, पोटातून. निंग इथून, निंग इथून. पोट्टे खूष झाले.

गॅदरिंगला निवेदिका म्हणाली, "आता आपल्या सुमधुर आवाजाने आपल्याला मंत्रमुग्ध करायला येत आहेत..." मी पहिला हुंकार काढला तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं वाकून माझ्या मागे बघायला लागली. त्यांना वाटलं, मागे कोणी गडी लपलाय आणि मी नुसतं तोंड हलवते आहे. कार्यक्रम संपल्यावर एका मॅडमनी माझ्या हातात ज्येष्ठमधाची काडी ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "घरी काही त्रास आहे का गं?" नागपूरच्या एका स्पर्धेत माझ्यासारखीच एक भेटली. बोलायची चिमणीसारखी, गायची तर घाट चढणाऱ्या ट्रकसारखी. तिला म्हणे दारावरचा माणूस दर वेळी सांगायचा की बँडवाल्यांच्या बहिणींनी तिकडे बसायचं. आम्ही दोघी स्टेजच्या मागे जमिनीवर बसून ज्येष्ठमध चघळत राहिलो आणि जगाला शिव्या दिल्या. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

म्हणजे सगळं मिळत होतं. लोक हसत होते, काही टाळ्या वाजवत होते, मला दोन्ही चालत होतं. फक्त एक गोष्ट राहिली होती. बाबाने एकदा माझं गाणं ऐकावं, गाणं म्हणून ऐकावं, एवढंच मला पाहिजे होतं. आवाज त्याचा होता, मी फक्त उसना घेतला होता. प्रत्येक कार्यक्रमाला मी त्याला बोलवायची. आधी म्हणाला, रोवणी आहे. मग म्हणाला, निंदण आहे. मग म्हणाला, डुकरं आहेत. त्याच्या आयुष्यात डुकरं नसलेला दिवस मी अजून बघायची आहे.

पोळ्याच्या सुट्टीत मी रेकॉर्ड केलेलं 'निंग इथून' पेन ड्राइव्हमध्ये घालून घरी नेलं. बाबाने त्या वर्षी बॅटरीवर चालणारा भोंगा आणला होता. मचाणाला टांगायचा, आणि त्यातून कधी कुत्रं भुंकतं, कधी वाघ डरकाळी फोडतो. पण डुकरांना काही दिवसांतच कळलं होतं, की हा वाघ रोज त्याच खांबावरून, त्याच वेळी, तेवढाच ओरडतो. असा शिस्तीचा वाघ जंगलात नसतो. ती आता वाघाच्या खाली निवांत चरायची.

घरात पेन ड्राइव्ह लागेल अशी दुसरी वस्तूच नव्हती, म्हणून मी तो त्या भोंग्याला लावला. अंगणात गाणं सुरू झालं. कोंबड्या पळाल्या. शेजारच्या वासराने दावं तोडलं. माय पदर तोंडाला लावून आत गेली. बाबा मात्र टोपी हातात घेऊन उभा राहिला, गाणं संपेपर्यंत.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"आवाज पोटातून आहे," तो म्हणाला आणि बैलांना चारा टाकायला गेला.

मी चंद्रपूरला परत आले, पेन ड्राइव्ह भोंग्यातच राहिला. थोड्याच दिवसांनी बाबाचा फोन आला. तो कधी स्वतःहून फोन करत नाही, त्यामुळे मी तास सोडून बाहेर धावले.

"बाई, तुह्यं गाणं लावलं काल बांधीत."

"मंग?" माझा जीव कानात आला होता.

"एक डुक्कर नाई आलं."

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी म्हटलं, "बाबा, ते गाणं आहे."

"मंग मी कुठी म्हणलं का ते भजन आहे?" तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नाही की मी का चिडले. त्याला वाटलं, तो मला चांगली बातमी देतोय. शेजाऱ्यांनी गाण्याच्या कॉप्या करून नेल्या. माय रोज फोनवर खबर द्यायची, आज मामीच्या बांधीत तूच होती, आज नाल्याच्या पलीकडे पण तूच होती. बँडमधले पोट्टे तर आनंदाने वेडे झाले. ड्रमवाला म्हणायला लागला, आपलं गाणं आता जंगलात पोचलं, अजून काय पाहिजे. मी त्याच्याशीही भांडले. आणि बाबाशी बोलणं बंद केलं. फोन आला की मी म्हणायची, मायकडे दे.

पण मन तिथेच अडकलं होतं. तो येत नाही तर आपण जाऊ, असं मी ठरवलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. त्या दिवशी प्रत्येक घरी पाहुणे, अंगणात जेवणं, आणि रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक. म्हटलं, पोट्ट्यांना मंडईला जेवायला बोलवायचं, आणि जेवणं झाली की अंगणात बाबाला खुर्चीवर बसवून समोर उभं राहायचं. मग कुठी जाते बघू.

पोट्टे गिटारी पाठीला बांधून मोटरसायकलींवर आले. ड्रम काही आणता आले नाहीत. आणि अंगणात पाहुण्यांची इतकी गर्दी की गिटार उभी करायला जागा नाही. मामांनी एका गिटारीच्या मानेवर ओला दुपट्टा वाळत घातला. वडे आणि कोंबडीचा रस्सा खाऊन पोट्टे असे सुस्तावले की गाणं सोडा, त्यांना उठवायलाही दोन माणसं लागली असती. माझा सगळा बेत मातीत गेला.

दिवे लागले आणि मंडईचे अध्यक्ष छातीवर बिल्ला लावून आमच्या दारात आले. नाटकाचा ट्रक नाल्यात फसला होता. कलाकार, पडदे, बाजा, सगळं चिखलात. आणि शामियाना माणसांनी गच्च भरून बसला होता. "बाई," ते मला म्हणाले, "तुह्यी पार्टी रिकामीच बसून आहे ना? माईक लागून आहे. ट्रक येईतोवर धकवा काई तरी."

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाला, "नको."

"काऊन गा?" अध्यक्षांनी विचारलं.

"नको म्हणलं ना."

सगळे पाहुणे आमच्याकडे बघत होते. माझे डोळे भरून आले आणि मला त्याचाच जास्त राग आला. म्हणजे याला माझी लाज वाटते, असं मनात आलं. डुकरांसमोर चालते, सोयऱ्यांसमोर नको. मी म्हणाले, "मी गाणार." ओरडले नाही. पोटातून म्हणाले, त्यानेच शिकवलं होतं तसं. बाबा उठला आणि घराच्या मागे निघून गेला.

शामियान्यात पोचलो तेव्हा ड्रमवाला भजनी मंडळाची ढोलकी मांडीत घेऊन रडकुंडीला आला होता. इतक्यात बाबा आला. खांद्यावर तेलाचा पिपा. त्याने तो ड्रमवाल्यापुढे ठेवला. "घे बाबू. याचा आवाज दूर जाते." पिप्याला नवे पोचे पडलेले होते, चकचकीत. माझ्या मनात आलं, भोंगा असताना आता हा कोण बडवतं? पण ती वेळ विचार करायची नव्हती.

गिटार सुरू झाली. पुढच्या बायांनी कानावर पदर ओढले. मी पहिला हुंकार काढला आणि अख्खा शामियाना चिडीचूप. एक लेकरू रडायचं थांबलं. मी मनात म्हटलं, झालं, आता चपला येतील. पहिलं कडवं मी डोळे मिटूनच गायलं.

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, माईकमध्ये येईल इतक्या मोठ्याने, "वो बाई, हे तं आपल्या बांधीतलं होय." आणि धृपद आलं तसं मागून कुठून तरी गडी माणसं ओरडली, "निंग इथून!" मग बाया. मग सगळा शामियाना. दोन महिने रोज संध्याकाळी ऐकून गावाला गाणं पाठ झालं होतं, कडव्यांसकट.

आमच्या एका गिटारवाल्याचा चेहरा पांढरा पडला. एवढी माणसं एका सुरात 'निंग इथून' म्हणतात म्हटल्यावर त्याने वायर काढून गुंडाळायला घेतली. मी त्याच्या शर्टाला धरून त्याला मागे ओढलं आणि कानात सांगितलं, "येड्या, ते गाऊन राह्यले." शहरात मेटल ऐकणारे मान झटकतात. आमच्या गावाने हात डोक्यावर नेऊन गरगरा फिरवले, गोफण फिरवतात तसे, आणि प्रत्येक 'निंग'ला एकेक न दिसणारा गोटा जंगलाकडे भिरकावला. म्हातारी उभी राहून फिरवत होती. अध्यक्ष बिल्ल्यासकट फिरवत होते. तीनदा गायला लावलं तेच गाणं. आम्हाला दुसरं मागितलंच नाही.

ट्रक आला, नाटकाची नायिका घाईघाईने साडीला पिना लावत स्टेजच्या मागे थांबली. ती सबंध हंगाम रोज एका गावात गाते. मला म्हणाली, "बाई, गया कसा धरते तुह्या? कोणापाशी शिकली?" मी बोट दाखवलं. बाबा शामियान्याच्या कोपऱ्यातल्या बांबूपाशी उभा होता, हात न फिरवता, टोपी हातात घेऊन. तिने त्याला नमस्कार केला. तो गोंधळला, पिपा उचलला आणि बांधीकडे चालता झाला. मला इतका राग आला की मी ते नाटक पाहिलंच नाही.

सकाळी मी आणि माय चहाची किटली घेऊन बांधीवर गेलो. पोट्टे घरी झोपले होते. भोंगा खांबाला होता तसाच होता, आणि बरोबर त्याच्या खालचा धान लोळलेला होता. माती उकरलेली, खुरांचे ठसे.

"काल भोंगा लावायचा राहून गेला वाटते," मी म्हणाले.

"लावला होता ना. तुह्यंच गाणं. मंडईतून येऊन लावलं त्यानं."

"मंग हे?"

माय चहा ओतत होती. "अवो, डुकरं तं दसऱ्याच्या आधीच सरावली तुह्या गाण्याले. सगळ्या गावानं बंद केलं मंग. आता खालीच चरून राह्यते. तुह्या बाबाले पिपा घेऊनच फिरा लागते पह्यल्यासारखं."

मी बोटांवर दिवस मोजले. दसऱ्याच्या आधी. म्हणजे इतके दिवस रोज संध्याकाळी गावाने जे ऐकलं ते एकट्या आमच्या बांधीतून.

"मंग लावते काऊन रोज? बॅटरी जाते फुकटची."

"मी बी तेच म्हणलं," माय म्हणाली. "तं म्हणते, डुकरासाठी कोण लावून राह्यलं."

"अन् काल मले 'नको' काऊन म्हणे?"

"लोकं हासतीन म्हणे माह्या पोरीले. डुकराचं गाणं म्हणतीन. त्याच्यानं ऐकवलं नसतं."

बाबा पलीकडच्या धुऱ्याच्या बांधापाशी वाकून लोळलेला धान सरळ करत होता. मी त्याला हाक मारली, पोटातून, जंगलापर्यंत जाईल अशी. तो न वळता म्हणाला, "आलो, वरडू नको, चहा ठेव." मग मी त्याचा चहा बशीने झाकून ठेवला.